अपोलोचा संगणक, १२०२ चा अलार्म आणि ही भानगड निस्तरणारी माणसं

रात्रपाळीवाला:

दरवर्षी २० जुलै, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, जवळ आला की तो फॉरवर्ड न चुकता येतो, तुमच्या खिशातला मोबाईल अपोलोच्या कॉम्प्युटरपेक्षा लाखो पट ताकदवान आहे म्हणून. असेल, पण त्याचं काय लोणचं घालायचंय? त्या डब्यात होतं काय, तो बनवला कुणी, आणि ऐन उतरताना त्यानं बोंब ठोकली तरी उतरणं का थांबवलं नाही, यावर कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा धागा.

नाव अपोलो गायडन्स कॉम्प्युटर, सगळे एजीसीच म्हणतात. वजन साधारण ३२ किलो. बदलता येणारी मेमरी २०४८ शब्द, आणि कायमची, म्हणजे कारखान्यातून येईल तशीच राहणारी, ३६,८६४ शब्द. एक शब्द १५ बिटचा, वर चूक पकडायला एक पॅरिटी बिट. आजच्या भाषेत ४ केबी रॅम आणि ७२ केबी रॉम धरून चाला. मेमरीचा एक फेरा ११.७ मायक्रोसेकंदांचा, हा आकडा लक्षात ठेवा, खाली लागणारे. असा एक मुख्य यानात आणि एक चंद्रावर उतरणाऱ्या यानात.

काम दिलं होतं एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबला, ऑगस्ट १९६१ मधे. अपोलोचं पहिलं मोठं कंत्राट हेच, यान कोण बांधणार ते सुद्धा तेव्हा ठरलं नव्हतं. लॅबचे प्रमुख चार्ल्स स्टार्क ड्रेपर, जायरोस्कोपमधला बाप माणूस. या गृहस्थांनी त्याच नोव्हेंबरात नासाला पत्र लिहून कळवलं की मलाच अंतराळवीर म्हणून घ्या, वय वर्षं ६०! नासानं अर्थातच घेतलं नाही पण यंत्रावर त्यांचा स्वतःचा किती भरवसा होता ते यात आलं.

हार्डवेअरचा कर्ता माणूस एल्डन हॉल. यांनी १९६२ मधे हट्ट धरला की लॉजिक इंटिग्रेटेड सर्किटवरच (आयसी, म्हणजे चिप) करायचं. तेव्हा ही चीज इतकी नवीन होती की एवढ्या महत्त्वाच्या कामात ती घालायला शहाणा माणूस धजला नसता. हॉलनी युक्ती काय केली तर सगळ्या मशीनला एकाच जातीची चिप वापरली, तीन इनपुटचं नॉर गेट (तिन्ही इनपुट शून्य असतील तरच १ देणारं सर्किट), बस. पहिल्या मॉडेलमधे अशा चारेक हजार, नंतरच्यात एका चिपमधे दोन गेट घालून सुमारे २८००. एकच वस्तू हजारोंनी मागवली की कारखाना ती नीट बनवायला शिकतो आणि खराब माल चाचणीत लगेच पकडता येतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या आयसीतल्या निम्म्याहून जास्त एकटा एजीसी खात होता. आणि उड्डाणात एकदाही याचं हार्डवेअर बंद पडलं नाही.

आता १२०२. अपोलो ११ चं उतरणारं यान ईगल खाली चाललंय, इंजिन पेटून पाचेक मिनिटं झालीयत, ऑल्ड्रिननं उंचीचा फरक बघायला व्हर्ब १६ नाउन ६८ (कॉम्प्युटरला द्यायचा हुकूम, क्रिया आणि वस्तूचे नंबर) दाबलं आणि प्रोग्रॅम अलार्मचा दिवा लागला. आकडा १२०२. आर्मस्ट्राँगच्या आवाजात पहिल्यांदाच ताण ऐकू येतो. बहुतेक लेखात इथे "कॉम्प्युटर हँग झाला आणि आर्मस्ट्राँगनं हातानं उतरवलं" असं ठोकून देतात. माझं भांडण इथेच आहे. कॉम्प्युटर हँग वगैरे काही झाला नव्हता, उलट हँग होऊ नये म्हणून जे करायला त्याला शिकवलं होतं तेच तो करत होता आणि तसं सांगतही होता.

झालं असं की परतीच्या वेळी मुख्य यानाला गाठायला लागणारं रॉंदेव्हू रडार उतरतानाही चालू होतं आणि त्याचा स्विच अशा जागी होता की रडारच्या अँगलचा सिग्नल एका ८०० हर्ट्झच्या सप्लायवरून यायचा आणि कॉम्प्युटर तो मोजायचा दुसऱ्या ८०० हर्ट्झच्या सप्लायशी तुलना करून. दोन्हीची फ्रीक्वेन्सी बांधलेली, पण फेज, म्हणजे लाटांची चढउतार एकाच क्षणी होणं, बांधलेला नाही. त्यामुळे रडार जागचं हलत नसताना कॉम्प्युटरला वाटत राहिलं की ते हलतंय, आणि दोन्ही अँगलचे काउंटर सेकंदाला ६४०० च्या वेगानं वरखाली व्हायला लागले. एकेका टिचकीला मेमरीचा एक फेरा जातो. १२,८०० गुणिले ११.७ मायक्रोसेकंद करा, दर सेकंदातला साधारण ०.१५ सेकंद. म्हणजे पंधराएक टक्के वेळ फुकट गेला, आणि उतरण्याच्या प्रोग्रॅमकडे शिल्लक त्याहून जास्त नव्हतीच.

उतरण्याचं मुख्य काम दर दोन सेकंदांनी नव्यानं सुरू व्हायचं. आधीचं संपायच्या आत पुढचं येऊन उभं राहिलं, मग त्याच्या पुढचं, आणि कामाला द्यायच्या तात्पुरत्या जागा संपल्या. तोच १२०२. दुसऱ्या प्रकारच्या जागा संपल्या की १२०१. अशा वेळी मशीन काय करतं तर सगळा पसारा फेकून क्षणात पुन्हा सुरू होतं आणि फक्त ज्या कामांची खूण जपून ठेवलीय तेवढीच खुणेपासून पुढे चालू करतं. मुंबईत पाऊस कोसळला की रेल्वे फास्ट गाड्या रद्द करून स्लो चालू ठेवते ना, तसं. इंजिन, ऑटोपायलट, गायडन्स चालू राहिलं, ऑल्ड्रिनचा नाउन ६८ चा डिस्प्ले उडाला. असे एकूण पाच अलार्म आले, चार १२०२ आणि एक १२०१, आणि यान आपलं ठरल्या वाटेनं खाली जात राहिलं.

शेवटी आर्मस्ट्राँगनं कंट्रोल हातात घेतला तो खाली दगडधोंड्यांचा खड्डा दिसला म्हणून. आणि तो "हात" सुद्धा कॉम्प्युटरमधूनच जातो, पी६६ नावाचा प्रोग्रॅम आहे तो, काठी हलवली की कॉम्प्युटरच जेट आणि इंजिन चालवतो.

बाकीचं प्रतिसादात लिहितो, सकाळी घरी जायचंय.

शेंगदाणेवाला:

जबरदस्त. धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

वॉल्थमची काकू:

छान लिहिलंय. मी बॉस्टनच्या बाजूला राहते, आमच्या इथून वॉल्थम जवळ, रेथिऑन कंपनीच्या तिथल्या कारखान्यात ही मशीनं बनली. तुम्ही ज्या कायमच्या मेमरीबद्दल एका वाक्यात पुढे गेलात ना त्यावरच मला लिहायचंय कारण मला त्यात जास्त गोडी आहे.

ती मेमरी अक्षरशः विणलेली होती. रोप मेमरी म्हणतात. एका मॉड्यूलमधे ५१२ बारीक चुंबकी कड्या, आणि तार कडीच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. झालं, हाच प्रोग्रॅम. एका कडीत १९२ बिट, म्हणजे १२ शब्द, म्हणून एका मॉड्यूलमधे ६१४४ शब्द आणि अशी सहा मॉड्यूलं, मग तो ३६,८६४ चा आकडा येतो. विणायला बायका बसायच्या, समोरासमोर. पंच केलेल्या टेपवर चालणारं एक मशीन नेमकी कोणती कडी ते छिद्रासमोर आणून ठेवायचं आणि बाईनं तार भरलेली सुईसारखी वस्तू त्यातून पलीकडे द्यायची, पलीकडची परत पाठवणार. असं हजारो वेळा. एका मॉड्यूलला आठवडेच्या आठवडे. वॉल्थम आधीपासून घड्याळांचं गाव, बारीक कामाची सवय असलेले हात इथे होतेच.

एमआयटीतली पोरं याला एलओएल मेमरी म्हणायची, लिटल ओल्ड लेडी. प्रेमानं म्हणायची असं सगळे सांगतात, असेलही, पण त्या बायकांची नावं किती जणांना ठाऊक आहेत विचारा.

आणि याचा परिणाम बघा, विणून झालं की बग सापडला तरी गप्प बसायचं! उड्डाणाच्या कितीतरी आधी कोड गोठवावं लागायचं. मग त्या २०४८ शब्दांच्या रॅममधे जागा असली तर छोटंसं ठिगळ लावायचं आणि जागा नसली तर अंतराळवीरांना सांगायचं की बाबांनो अमुक बटण अमुक वेळी दाबू नका.

खडूस म्हातारा:

सगळं ठीक, पण ७२ केबीत चंद्रावर गेले हे गळी उतरत नाही. आमच्या ऑफिसातली एक एक्सेल फाईल २० एमबीची असते.

रात्रपाळीवाला:

@खडूस, त्या एक्सेल फाईलमधे काय आहे ते तुम्हीच बघा एकदा, निम्म्या सेलला पिवळा रंग असेल.

गंमत सोडा. एजीसीला फोटो दाखवायचे नव्हते, अक्षरंही नव्हती. डिस्प्लेवर फक्त आकडे आणि अधिक-उणे, कीबोर्डला १९ बटणं. क्रिया एक नंबर, वस्तू एक नंबर, व्हर्ब आणि नाउन, त्यामागे रामोन अलोन्सो नावाचा अर्जेंटिनाचा इंजिनियर होता. दुसरं, सगळं गणित यानात होतच नव्हतं. ह्यूस्टनला आयबीएमचे सिस्टिम ३६० मॉडेल ७५ असे पाच धिप्पाड संगणक होते, रडारवरून यानाची जागा आणि वेग ते काढायचे आणि आयते आकडे वर पाठवायचे. यानातल्याकडे काय राहिलं, तर जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर वाचायचे, ताऱ्यांवर सेक्स्टंट धरून घेतलेले अँगल पचवायचे, आणि इंजिन कधी किती वेळ कुठल्या दिशेला पेटवायचं ते ठरवायचं. संपर्क तुटला तर एकट्यानं घरी आणायचीही तयारी होती.

लांबचं गणित चालवायला एक इंटरप्रिटर होता, म्हणजे मशीनच्या आत अजून एक काल्पनिक मशीन ज्याला व्हेक्टर मॅट्रिक्स कळतात. हळू चालायचा पण जागा कमी खायचा. ७२ केबीत बसलं त्याचं मोठं श्रेय याला.

कोड_आणि_कांदेपोहे:

मी एम्बेडेडमधे, म्हणजे यंत्रांच्या आतल्या कॉम्प्युटरच्या कामात आहे, गेली बरीच वर्षं हेच करतो, म्हणून जरा तांत्रिक बोलतो. १९६० च्या दशकात हा प्रायॉरिटी शेड्यूलर, म्हणजे कोणतं काम आधी ते ठरवणारा प्रोग्रॅम, कुणी लिहिला असेल तर ते हॅल लॅनिंग. याच माणसानं १९५० च्या दशकात व्हर्लविंड मशीनवर साध्या बीजगणिती सूत्रांवरून कोड तयार करणारा कम्पायलर लिहिला होता, फोरट्रान या गाजलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेच्याही आधी. अपोलोसाठी त्यांनी एक्झिक्युटिव्ह आणि वेटलिस्ट असे दोन भाग केले. वेटलिस्ट म्हणजे अमुक सेंटिसेकंदांनी अमुक छोटं काम कर, आणि एक्झिक्युटिव्ह म्हणजे मोठी कामं, प्रत्येकाला प्रायॉरिटी. तेव्हाच्या बऱ्याच सिस्टिममधे कामांना ठराविक वेळेचे खण पाडून दिलेले असायचे, यान तशा खणांवर असतं तर पंधरा टक्के चोरी झाल्यावर कोणता खण फुटला असता देव जाणे.

आमच्याकडे एका जुन्या नोकरीत, कंपनीचं नाव नको, वॉचडॉग (अडकलेलं मशीन आपोआप पुन्हा चालू करणारा टायमर) रीसेट झाला की फाईल बंद करायची पद्धत होती, "रीसेट होतोय ना मग ठीक आहे". रीसेट नंतर कुठून सुरू करायचं यावर कोणी डोकंच चालवलं नव्हतं, मोटर अर्ध्यात असेल तर अर्ध्यातच. इकडे १९६६-६७ ला हे लोक प्रत्येक पायरीनंतर "इथपर्यंत झालं" असं लिहून ठेवत होते, दोन वेळा चाललं तरी उत्तर बदलणार नाही अशा बेतानं. वाचताना लाज वाटते राव.

ऋजू:

मार्गारेट हॅमिल्टनचं नाव एवढ्या मोठ्या पोस्टमधे एकदाही नाही हे बघून अजिबात आश्चर्य वाटलं नाही :)

त्या लॅबच्या फ्लाइट सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख होत्या. मुलगी लॉरेन लहान असताना तिला ऑफिसात न्यायच्या, ती सिम्युलेटरशी खेळत बसायची, एकदा तिनं उड्डाण चालू असताना पी०१ दाबला, तो उड्डाणाआधी वापरायचा प्रोग्रॅम, आणि सगळं कोसळलं. हॅमिल्टनबाई म्हणाल्या याला कोडमधे अटकाव घालू, वरून उत्तर आलं की आमचे अंतराळवीर एवढे तयार असतात, ते असलं काही करणारच नाहीत. डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ वर जिम लॉव्हेलनं नेमका पी०१ दाबला! यानाची दिशा कॉम्प्युटरच्या मेमरीतनं गेली आणि तारे बघून ती परत बसवावी लागली. अलार्म आला की चालू डिस्प्ले बाजूला सारून महत्त्वाचा डिस्प्ले पुढे आणायचा, तो प्रायॉरिटी डिस्प्लेचा विचारही त्यांचाच. २०१६ मधे ओबामांच्या हातून प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, पण इथे एक ओळ नाही मिळत.

खडूस म्हातारा:

आणि ती कागदांच्या चळतीशेजारची तसबीर फिरते की "हिनं हे सगळं एकटीनं लिहिलं" म्हणून, ते तेवढंच खोटं. शेकडो लोक होते. गणित रिचर्ड बॅटिनचं, उतरण्याची समीकरणं अ‍ॅलन क्लम्पची, ती कोडमधे उतरवणारा डॉन आइल्स, असेम्बलर आणि मशीनच्या आज्ञा ह्यू ब्लेअर-स्मिथ. वर ह्यूस्टनहून बिल टिंडल येऊन कोणता प्रोग्रॅम राहील आणि कोणता कात्रीत जाईल ते ठरवणार, त्याच्या मेमोंना टिंडलग्रॅमच म्हणायचे.

ऋजू:

@खडूस, एकटीनं लिहिलं असं मी कुठे म्हटलंय? प्रमुख होत्या म्हटलंय. तुम्ही पाच पुरुषांची नावं एका दमात घेता तेव्हा मीमची आठवण होत नाही कुणाला.

रात्रपाळीवाला:

ऋजू, पहिल्या पोस्टमधे १२०२ वर माझा सगळा कागद संपला, म्हणून तर प्रतिसादात पुढचं लिहितो म्हटलं. पण खालच्या लोकांवर लिहायचंच होतं, ह्यूस्टनवाल्यांवर. अलार्म आला तेव्हा गायडन्सच्या खुर्चीत स्टीव्ह बेल्स, वय २६. त्याच्या मागे सपोर्ट रूममधे जॅक गार्मन, वय २४. उड्डाणाच्या काही दिवस आधी सरावात यांना मुद्दाम १२०१ टाकला होता आणि बेल्सनं घाबरून उतरणं रद्द करायला लावलं, जे चूक होतं. मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झनी सांगितलं की असे सगळे अलार्म काढा आणि प्रत्येकाला काय करायचं ते लिहा. गार्मननं हातानं यादी लिहून टेबलावर ठेवली. खरा १२०२ आला तेव्हा त्यानं यादीत बघितलं, सारखा सारखा येत नसेल तर चालू द्या, आणि काही सेकंदांत बेल्सनं गो दिलं. ती सरावातली चपराक बसली नसती तर काय झालं असतं कल्पना करवत नाही.

दादर_पश्चिम:

मुंबईचा एक धागा जोडतो. टाटा इन्स्टिट्यूटनं, म्हणजे टीआयएफआरनं, १९६० ला टिफ्रॅक हा संगणक पूर्ण केला, नेहरूंनी १९६२ ला नाव दिलं. २७०० व्हॅक्यूम ट्यूब, लोखंडी मांडणी अठरा फूट लांब, आणि मेमरी किती तर फेराइट कोरची २०४८ शब्दांची! शब्द ४० बिटचा होता म्हणून बिट जास्त, पण शब्दांचा आकडा एजीसीच्या रॅमचाच. आपला ट्यूबचा, खोलीभर. त्यांचा आयसीचा, ३२ किलोत. मधली वर्षं जेमतेम सहा-सात.

शेंगदाणेवाला:

हे माहीत नव्हतं, भारी. चांद्रयानाच्या कॉम्प्युटरवर पण लिहा ना कोणीतरी.

दादर_पश्चिम:

त्यावर वेगळा धागा काढा, इथे अवांतर होईल.

कोड_आणि_कांदेपोहे:

एजीसीच्या आधीचा जेमिनीचा (अपोलोच्या आधीची नासाची यानं) कॉम्प्युटर पण विसरू नका, आयबीएमनं ओवेगोला बनवला होता, ३९ बिटचा शब्द आणि ४०९६ शब्द. त्याची एक गोष्ट मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. ऑगस्ट १९६५, जेमिनी ५, कूपर आणि कॉनराड आठेक दिवस वर होते, उतरले तर ठरल्या जागेपासून १३० किलोमीटर आधीच. कारण? प्रोग्रॅममधे पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते असं घातलं होतं. ती फिरते ३६०.९८, कारण ती तेवढ्या वेळात सूर्याभोवतीही सरकते. एका दिवसाला ०.९८ अंश कोण विचारतंय, पण आठ दिवसांनी बिल येतं. यंत्र ठणठणीत, कोड बरोबर चालला, आकडाच चुकीचा. कूपरला उतरताना वाटलं होतं की हे रीडिंग काहीतरी भलतंच दाखवतंय, त्यानं हातानं थोडं सावरलं सुद्धा.

वॉल्थमची काकू:

मघाशी ठिगळ म्हटलं ना मी, त्याचा कळस म्हणजे अपोलो १४. फेब्रुवारी १९७१, शेपर्ड आणि मिचेल उतरायच्या तयारीत आणि कॉम्प्युटरला दिसतंय की अ‍ॅबॉर्टचं (उतरणं रद्द करायचं) बटण दाबलंय. कोणी दाबलं नव्हतं. स्विचच्या आत सोल्डरचा एक बारका गोळा तरंगत होता बहुतेक, कारण पॅनेलवर टकटक केलं की सिग्नल जायचा आणि थोड्या वेळानं परत यायचा. इंजिन पेटल्यावर हा सिग्नल आला असता तर कॉम्प्युटरनं उतरणं सोडून यान वर पळवलं असतं.

केंब्रिजला, म्हणजे एमआयटीच्या गावी, डॉन आइल्सला उठवलं, वय २७. मेमरी विणलेली, त्यात काही घालता येत नाही. मग त्यानं कोड वाचून वाट काढली ती अशी की कॉम्प्युटर अ‍ॅबॉर्टचं बटण बघतो खरा, पण आधी बघतो की आपण अ‍ॅबॉर्टमधेच नाही आहोत ना. तर त्याला सांगायचं की बाबा तू अ‍ॅबॉर्टमधेच आहेस, म्हणजे तो बटणाकडे ढुंकून बघत नाही, आणि उतरण्याचं काम तर मागे चालूच आहे. प्रोग्रॅम नंबर ठेवायच्या जागी ७१ टाकायचा. याचा दुष्परिणाम म्हणजे इंजिनचा जोर आपोआप वाढत नव्हता, तो शेपर्डनं हातानं वाढवायचा, मग परत नंबर पूर्ववत. साधारण दोन तासांत हे शोधलं, तपासलं, वर वाचून दाखवलं, मिचेलनं बटणं दाबून भरलं आणि उतरले.

खडूस म्हातारा:

हे मात्र मानलं. फसवायचं तर असं फसवावं.

नवा_गडी:

मी कॉलेजात आहे, हा कोड बघायला मिळतो का कुठे? आणि चालवता येतो का?

रात्रपाळीवाला:

मिळतो की. छापील लिस्टिंगवरून लोकांनी टाईप करून काढलाय, २०१६ ला गिटहबवर टाकला तेव्हा धुमाकूळ झाला होता, इंजिन पेटवण्याच्या भागाचं नाव "बर्न बेबी बर्न" ठेवलंय ते तेव्हाच सगळ्यांच्या नजरेला आलं. अपोलो ११ ची दोन नावं शोध, मुख्य यानाचा कोमांचे ०५५ आणि उतरणाऱ्या यानाचा ल्युमिनरी ०९९. चालवायला रॉन बर्की यांचा व्हर्च्युअल एजीसी आहे, फुकट. आणि खऱ्या मशीनचं वेड असेल तर केन शिरिफ, मार्क व्हर्डिएल या मंडळींनी जुना एजीसी दुरुस्त करून २०१९ च्या सुमारास पुन्हा चालवला त्याचे व्हिडिओ बघ. शिरिफनी त्यावर बिटकॉइनचं हॅशसुद्धा काढलं, एकाला १०.३ सेकंद लागले.

सिम्युलेटर उघडलास की घाबरून वाट्टेल ती बटणं दाबू नकोस. आधी व्हर्ब, ३, ५, एंटर. सगळीकडे ८८८८८ उमटतील आणि दिवे लागतील, ती दिव्यांची चाचणी. ती संपली की व्हर्ब, १, ६, नाउन, ३, ६, एंटर. तीन ओळीत तास, मिनिटं आणि सेकंदाचे शतांश दिसतील, म्हणजे कॉम्प्युटरचं घड्याळ चालू आहे. एवढं जमलं की व्हर्ब ३७ वर ये, त्यानं प्रोग्रॅम बदलता येतो, आणि अडलास तर इथेच विचार.